पातळ पितळेची पळी

मु. मोहटोला, पवनीजवळ
१४ नोव्हेंबर १९७८

ईनबाई चंद्रभागाबाईले गोदावरीचा रामराम.

लेकीच्या सासूचं अक्षर पाहून तुमच्या कपाळावर आठी पडली असेल. पडू द्या. लग्नाच्या पंगतीतून उठली त्या दिवशी मी ठरवलं होतं, या बाईशी जन्मात बोलायचं नाही. आजही बोलून नाही राहिली, लिहून राहिली. परसराम, बापू, हे पत्र तुह्या मायले पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव. मधलं काही गाळू नको. तिले राग येईल त्या जागा तर मुळीच गाळू नको.

रुखमा सुखरूप पोचली असेल. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज आहे, त्याले मी आडवी आली नाही. पण सकाळी परसराम तिले न्यायले आला आणि तेवढ्यातच आमची नर्सबाई, सुमनबाई, फिरत फिरत ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, जाऊन राहिली तर जाता जाता पाहून घेते. तिनं रुखमाच्या दंडाले पट्टा बांधला, फुसफुस हवा भरली, कानात नळ्या घालून ऐकलं. मंग दुसऱ्यांदा भरली. मंग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, बाई, दंड आहे तो, सायकलचं चाक नाही. ती हसली नाही. रुखमाले म्हणाली, या शिशीत लघवी आणून दे. इकडे परसराम दारात उभा, एस.टी. जाईल, एस.टी. जाईल. पोरीनं शिशी माह्या हाती दिली, "आत्याबाई, तुम्ही देऊन द्या," म्हणाली, पाया पडली आणि गेली.

आता पुढचं नीट ऐका. सुमनबाईनं आमच्या ओट्यावर स्पिरिटचा लहानसा दिवा पेटवला. काचेच्या नळीत ते पाणी ओतलं. चांगलं नितळ होतं हो. चिमट्यात धरून नळीचा वरचा भाग तिनं दिव्यावर धरला, आणि बापा रे, पाहता पाहता ते पांढरं झालं! अंड्याचं पांढरं शिजते तसं वरच्या वर थिजलं. तिनं त्यात आंबट दवाईचे थेंब टाकले. म्हणाली, साधा गढूळपणा असेल तर यानं जाईल. नाही गेलं.

तुम्हाले माहा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं, तुही नळीच खराब असेल, माह्या पाण्याचं करून दाखव. तिनं नळी धुतली, माह्या पाण्याचं करून दाखवलं. काही झालं नाही. उकळलं, बुडबुडे आले, पण नितळ ते नितळच.

सुमनबाई म्हणते, रुखमाच्या अंगातलं सत्त्व लघवीवाटे गळून राहिलं आणि नसांमध्ये रक्ताचा जोर वाढला. असं झालं की पोटुशीले कधीही झटके येतात. झटक्यात माय जाते, लेकरूही जाते. डोकं ठणकलं, डोळ्यापुढं काजवे चमकले, फासळ्यांखाली दुखलं, तर समजायचं की आता थांबायचं नाही. आणि त्याची वाटही पाहू नका म्हणते. आजच तिले भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, बाळंतपण तिथंच होऊ द्या. हे सगळं तिनं सांगतलं तेव्हा एस.टी. कधीचीच निघून गेली होती.

तिच्या बांगड्या पाहा, ईनबाई. दिवाळीत भरल्या तेव्हा खुळखुळत होत्या, आता हातावर फिरत नाहीत. तोंडही सुजलं आहे. शेजारणी म्हणत होत्या, सासूनं खाऊ घातलं, पोर अंगानं भरली. आणि मीही फुगून गेली होती.

मीच आली असती. पण तुमचे इवाई, माहे मालक, धानाच्या उंच पुंजण्यावरून खाली पडले, पाय प्लास्टरात आहे, उठवायले-बसवायले मीच. तुमचा जावई टेकचंद आसामात पलटणीत. म्हणून हात जोडून लिहून राहिली. गोदावरी हात जोडते हे लिहून ठेवा कुठंतरी, परत पाहायले भेटणार नाही.

तुमची ईन,
गोदावरी गोमाजी

*

मु. मोहटोला
२० नोव्हेंबर १९७८

ईनबाई,

तुमचं कार्ड आलं. कार्डावर जागा भरपूर होती, पण तुम्ही मोजकंच लिहायले लावलं. "रुखमा खुशाल आहे. माहेरी तिले काही कमी नाही. पोरगी बाळसं धरून राहिली ते लोकांच्या डोळ्यात आलं म्हणून मिरच्या ओवाळून दृष्ट काढली."

लोकांच्या! अवो, लोकं म्हणजे मी, एवढं समजायले मले पवनीले जाऊन वकील करावा लागत नाही. मी सांगते पोरीच्या जिवाले धोका आहे, आणि तुम्ही माह्या पत्रावरून मिरच्या ओवाळता! मिरच्या जाळल्यावर खकान्यानं ठसका आला होता काय तरी? नसेल आला. मंग तुम्ही म्हटलं असेल, पाहा, सासूची नजर किती जबर.

मले माहीत आहे हे कशाचं आहे. हे पळीचं आहे. दोन वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही. तुम्ही आंदणात भंडाऱ्याची पितळेची भांडी दिली. गंज चांगला, परात चांगली, गुंड चांगला. पळी पातळ होती. मी सगळ्यांसमोर दोन बोटांत धरून वाकवली आणि म्हटलं, हे पितळ आहे की पळसाचं पान? आणि तुमच्या पदरात परत टाकली. मंग तुमच्या बाया पंगतीत माह्यावर गाणं म्हणायले लागल्या, ईनबाईच्या हाताले पळी नाही पेलत, जीभ मात्र मणाची. गाणं चांगलं होतं. मी उठून गेली. झालं. पळी पातळ होती, हे मी आजही म्हणते.

पण पळीचा राग पोरीच्या पोटावर काढू नका. दवाखान्यात नेलं म्हणून माहेरचं नाक कापलं जात नाही. कोणी म्हणणार नाही की चंद्रभागाबाईच्या घरी बाळंतिणीले बाज नव्हती. आणि म्हटलं कोणी, तर माह्याकडे पाठवा, मी पाहून घेईन.

सुमनबाईले मी म्हटलं, तूच जा ना तिकडे. ती म्हणते, माहा भाग पवनीकडचा, त्यांचं गाव तुमसरकडचं, तिथली नर्स दुसरी. तिनं तिकडच्या नर्सले निरोप धाडला आहे, पण तो साहेब लोकांच्या टेबलावरून जाईल तेव्हा जाईल. म्हणजे पोरगी सासरच्या नर्सची राहिली नाही आणि माहेरच्या नर्सले ठाऊक नाही. आपण पहिलटकरणीले ऐन आठव्या महिन्यात, जेव्हा तिच्यावर नजर ठेवायची तेव्हाच, या गावातून उचलतो आणि त्या गावात नेऊन ठेवतो. आजपर्यंत हे माह्या ध्यानातच आलं नव्हतं. आता सुमनबाई सोडली तर दोनच बायांना सगळं ठाऊक आहे, एक मी आणि एक तुम्ही. आणि आपण दोघी पळीवरून रुसलो आहोत.

डोकं दुखते काय तिचं? तिले विचारा. मले कळवा.

गोदावरी

*

मु. मोहटोला
२३ नोव्हेंबर १९७८

ईनबाई,

हे पत्र कवडूच्या हाती देऊन राहिली. आमच्या शेजारचा आहे, तांदळाचं काम घेऊन तुमसरले चालला. त्याले सांगतलं आहे, ईनबाईच्या हातात द्यायचं आणि त्यांनी वाचून घेतल्याशिवाय अंगणातून उठायचं नाही. त्याले चहा पाजा. तो काही लागत नाही तुमचा, त्याच्यावर राग काढू नका.

आज मी भांडणार नाही. आज एक गोष्ट सांगते. ती मी टेकचंदाले नाही सांगतली, रुखमालेही नाही.

माही मोठी बहीण होती, बायजा. तुम्ही तिले पाहिलं नाही. माह्यापेक्षा उजळ होती, हसायले लागली की गडबडा लोळायची. पहिल्या खेपेले माहेरी आली. तोंड भरलेलं, पाय भरलेले. आमची माय म्हणे, लक्ष्मी आली. बायजा म्हणायची, माय, डोकं फुटून राहिलं. माय तेल जिरवायची. बायजा म्हणायची, माय, भिंतीवर चांदण्या दिसून राहिल्या. आम्ही पोरी हसायचो. एका दिवशी भर अंगणात, धान पाखडता पाखडता, तिचे डोळे फिरले, दात बसले, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. सगळे म्हणाले, बाहेरचं लागलं. भगत आला. त्यानं लिंबाच्या डहाळीनं तिले झोडलं, ईनबाई. पोट एवढं होतं तिचं. तो विचारे, बोल, तू कोण आहे? ती काय बोलणार? झटक्यामागून झटके आले आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. लेकरू पोटातच राहिलं.

भगतानं गावातल्या एका विधवेचं नाव घेतलं, यमुना नाव होतं तिचं. तिनंच केलं म्हणे. त्या दिवसापासून गावानं तिच्या हातचं पाणी बंद केलं. ती मरेपर्यंत तिच्या दारावरून लोकं थुंकून जायचे. माही मायही जायची.

आणि त्या दिवशी सुमनबाईच्या नळीत ते पांढरं थिजलं, आणि मले चाळीस वर्षांनी समजलं की बायजाले कोणीच लागलं नव्हतं. यमुनानं काही केलं नव्हतं. माह्या बहिणीच्या अंगातून सत्त्व गळत होतं. रोज आमच्याच परसात, मातीत जिरत होतं. कोणी एकदा चुलीवर धरून पाहिलं असतं तर दिसलं असतं. एवढंच होतं ते. एवढ्या मोठ्या मरणाची एवढीशी खूण, आणि ती आमच्या घरातच होती! मी ओट्यावर बसून राहिली. तुमचे इवाई आतून आवाज देऊन राहिले, पाणी दे, पाणी दे, आणि मले उठताच येईना. अंगावर काटा आला होता. तो अजून बसला नाही.

तुमचा माह्यावर विश्वास नाही ना? नका ठेवू. सुमनबाईवर नाही ना? तीही राहू द्या. तुम्हीच करून पाहा. एखादं टाकाऊ भांडं घ्या. पहिले तुमचं स्वतःचं पाणी उकळा, मंग रुखमाचं. आंबट दवाई नसेल तर लिंबू पिळा. दोन्ही सारखे निघाले तर गोदावरी खोटी. मंग तुमच्या बायांना घेऊन माह्या दारात या, सगळं गाणं म्हणा, मी जागची हलणार नाही.

आणि सारखे नाही निघाले, तर ईनबाई, माह्यासाठी नका, बायजासाठी नका, तिले उचला आणि न्या.

गोदावरी

*

भंडारा, मोठा दवाखाना
२८ नोव्हेंबर १९७८

गोदावरीबाईले चंद्रभागाचा रामराम.

मी बोलून राहिली, परसराम लिहून राहिला. आम्ही पायऱ्यांवर बसलो आहो. तो मधामधात म्हणते, माय, हे लिहू काय? मी म्हणते, सगळं लिही. त्या बाईनं आपल्याले सगळं लिहिलं.

पहिले हे ऐका. रुखमा जिवंत आहे. मुलगी झाली, तीही जिवंत आहे. आता आरामात वाचा.

तुमचा कवडू आला. अंगणात बसला, चहा घेतला, उठायचं नाव नाही. परसरामानं पत्र वाचायले घेतलं. बायजाबाईच्या ठिकाणी तो थांबून माह्याकडे पाहायले लागला. मी म्हटलं, वाच. तुम्ही तोंडाच्या फटकळ, नाटकी, हे मी पहिल्यापासून म्हणते. पण मेलेल्या बहिणीचं नाव कोणी खोटं घेत नाही. तरी माह्या मनाची गाठ सुटली नाही. मी म्हटलं, ठीक आहे, गोदावरीबाई खोटी हे आज सिद्धच करते, आणि कवडू साक्षीले आहेच, त्याच्याच तोंडून निरोप पाठवते.

आता भांडं कोणतं घ्यावं? घरातलं एकही भांडं खराब करायले मन होईना. तेवढ्यात फळीवर नजर गेली. तुम्ही परत टाकलेली पळी. दोन वर्षांत तिले कोणी हात लावला नव्हता, ना आमटीले, ना कशाले. मी म्हटलं, हीच घेते. गोदावरीबाईची परीक्षा गोदावरीबाईच्याच पळीत.

पहिले माहं केलं. रुखमा चुलीजवळ बसून हसत होती, म्हणे, माय, आता यात जिरं टाकू काय? उकळलं. नितळ. मी कवडूले ओरडून सांगतलं, पाहा रे! मंग पळी राखेनं घासली आणि रुखमाचं धरलं. माहं तापायले जेवढा वेळ लागला तेवढाही लागला नाही. कडेकडेनं पांढरं धरलं, आणि मंग सगळी पळी भरून गेली. मी लिंबू पिळलं. नाही गेलं. परत घासली, परत केलं. परत तेच. रुखमा हसायची थांबली. हळूच म्हणाली, माय, डोकं तर परवापासून दुखून राहिलं, तू परत मिरच्या ओवाळशील म्हणून सांगतलं नाही.

गोदावरीबाई, मी पाच लेकरांची माय आहे. चार घरच्या बाळंतिणी मी माह्या हातानं न्हाऊ घातल्या. पण आपल्या लेकीच्या अंगातलं असं डोळ्यांसमोर उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. मले वाटलं, या पळीत माही पोरगीच शिजून राहिली. मी परसरामाले हाक मारली की किंचाळली, मले आठवत नाही. बैल जुंपले. कवडू तांदूळ तसाच टाकून संगं आला. तुमसर रोडच्या टेशनावर गाडी भेटली, वरठीले उतरलो, तिथून भंडारा. उतरताना परसराम म्हणते, माय, हातात काय आहे? पळी होती. चुलीवरून उचलली ती सोडलीच नव्हती मी.

दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईनं ती पाहिली. म्हणाली, स्वयंपाक करत आल्या काय? मी सांगतलं काय केलं ते. तिनं माह्याकडे पाहिलं आणि दुसरं काही न विचारता पहिले पट्टाच बांधला. लगेच पोरीले खाटेवर घेतलं, सुई दिली. हात इतके सुजले होते की बांगड्या कापाव्या लागल्या. कात्री लागली तेव्हा मी तोंड फिरवलं. सवाशिणीच्या बांगड्या हो. पण कापू दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी झटका आला. माह्यासमोर. तुम्ही जसं लिहिलं तसंच, डोळे, दात, धनुष्य, सगळं तसंच. तुमचं पत्र नसतं वाचलं तर मी घरी काय केलं असतं, सांगू? नाकाले कांदा लावला असता. वहाण हुंगवली असती. भगताले बोलावलं असतं, आणि हात जोडून त्याच्या पायाशी बसली असती. इथं दोन नर्सा धावल्या, एकीनं तिले कुशीवर वळवलं, एकीनं तोंडातला फेस पुसला, डाक्टरीणबाईनं नसेत दवाई सोडली, आणि पाहता पाहता ते धनुष्य उतरलं. पोरीचं अंग मऊ झालं. तिनं श्वास घेतला. मी हातानं तिचा पाय धरून होती, मले तो पाय सैल पडलेला समजला. जे भूत तुमच्या बायजाले दिवस मावळायच्या आत घेऊन गेलं, ते एका सुईनं खाली बसलं! मी भिंतीले टेकून उभी राहिली. देवाचं नाव घ्यावं की सुईचं, समजेना. दोघांचंही घेतलं.

संध्याकाळी लेकरू काढलं. पायलीत मावेल एवढी आहे. कापसात गुंडाळून ठेवली, पण रडते मोठ्यानं. आवाज तुमच्यावर गेला.

डाक्टरीणबाई म्हणते, बाळंत झाली म्हणून धोका सरला असं नाही, झटका मागूनही येते, म्हणून इतक्यात सोडणार नाही. मी म्हटलं, ठेवा. सव्वा महिना ठेवा. बाजेची काही कमी नाही इथं.

इवाईंचा पाय बरा असेल तर या. नसेल तरी या.

चंद्रभागा

ता. क. परसराम विचारते, पळीचं काय लिहू? लिही, पळी परत देणार नाही म्हणावं.

*

मु. मोहटोला
७ जानेवारी १९७९

चंद्रभागाबाई,

आठवडाभर दवाखान्यात आपण एका बाकावर बसलो. एका डब्यात जेवलो. तुम्ही मले उशाले तुमचं लुगडं दिलं. आणि दोघी काय बोललो? धान कसं झालं, अंबाडी कशी झाली, परसरामाले पोरगी पाहायची की नाही. मले जे म्हणायचं होतं ते जिभेवर यायचं आणि तुमच्या तोंडाकडे पाहिलं की परत जायचं. मणाची जीभ माही, आणि तिथंच जड झाली. म्हणून आता घरी येऊन लिहून राहिली.

मी पहिल्यांदा खाटेजवळ आली तेव्हा रुखमा डोळे मिटून होती. मले वाटलं झोपली. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आत्याबाई, धान चुरून झालं काय?" तुम्ही पाहिलंच, मी तिथं कशी रडली. लोकांना वाटलं कोणी मेलं. अवो, बायजाच्या तोंडातून फक्त फेस आला होता, आणि रुखमा त्याच दुखण्यातून उठून मले धानाच्या मळणीचं विचारून राहिली होती. मी जन्मात लय जत्रा पाहिल्या, वैनगंगेचा पूर पाहिला, अंगात आलेले देव पाहिले. यापरतं नवल नाही पाहिलं. एक बाई मरणाच्या दारातून मागं वळली आणि धानाचं विचारते. मले अजून ते नवल सरत नाही. भाकर थापता थापता हात थांबते.

गेल्या हप्त्यात मी माह्या माहेरी जाऊन आली. यमुनाचं घर पडलं, जागेवर आता रुई उगवली आहे. तिचं कोणी उरलं नाही. तिथं उभी राहून मी मोठ्यानं सांगतलं, यमुनाबाई, तू काही केलं नव्हतं. रस्त्यानं एक म्हातारा बैल घेऊन चालला होता, तो थांबून पाहायले लागला. मी त्यालेही सांगतलं. जो भेटला त्याले सांगतलं. काहींना वाटलं असेल, म्हातारीले चळ लागला. लागू द्या.

सुमनबाईले तुमच्या पळीचं सांगतलं तर ती इतकी हसली की नळीच फुटायची होती. मंग म्हणाली, असं घरोघरी नका करू, लोकं चुकतील, मलेच बोलवा. ठीक आहे म्हटलं. आता आमच्या गावातली कोणी माहेरी निघाली की मी तिच्या दारात जाऊन बसते. सुमनबाईनं पाहिलं काय? काय निघालं, ते तिकडच्या नर्सले कोण सांगणार? कोणी सांगणार नसेल तर तिले एस.टी.त बसू द्यायचं नाही. परवा एकीचा भाऊ माह्यावर डाफरला. मी म्हटलं, बापू, डाफर, पण बस माह्या अंगावरून ने.

रुखमाच्या हातात नवीन बांगड्या भरल्या म्हणून तुम्ही लिहायले लावलं. कोपरापर्यंत सरकतात म्हणे. सरकू द्या. तिले अन्न घाला, पण पहिल्यासारखी 'भरली' असं कोणी म्हणायच्या आत पट्टा बांधून घ्या. टेकचंदाले सुट्टी मंजूर झाली आहे. तो येतो म्हणते आणि थेट तुमच्याकडे येतो म्हणते, पहिले माह्याकडे नाही. चांगला लेक आहे! पोरीचं नाव बायजा ठेवायचं तुम्हीच सुचवलं. मी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या रात्री तुमचे इवाई म्हणाले, रडून काय राहिली, होय म्हणून टाक. तर होय.

आता पळीचं. पळी पातळच होती, चंद्रभागाबाई. हे मी मरेपर्यंत म्हणीन. जाड असती तर तापायले वेळ लागला असता, आणि तेवढ्या वेळात तुमच्या मनात परत काही आलं असतं, तुम्ही चूल विझवली असती. पातळ होती म्हणून चटकन तापली. ती तुम्ही मले देत नाही, नका देऊ. पण आमटीत घालू नका. घासून, चिंचेनं उजळून ठेवा, आणि आपली लहान बायजा लग्नाची झाली की तिच्या आंदणात ती पळी ठेवा.

तेव्हा मी असली तर तिच्या सासूच्या देखत ती पळी दोन बोटांत धरून परत वाकवीन आणि म्हणीन, हे पितळ आहे की पळसाचं पान? तुम्ही चूप राहा. तुमच्या बायांनाही चूप ठेवा. मांडवात पोरीची माय, आपली रुखमा, उभी असेल. उत्तर तीच देईल.

तुमची,
गोदावरी